नवीन रीफ टँकमध्ये दगड कसे रचायचे: आधी मोकळी जागा, मग दगड

मागच्या महिन्याभरात तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, रीफ टँक (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायची काचेची टाकी) आला, स्टँड आलं, दगडाचं खोकं पण कुरिअरने आलं, आता हे आत ठेवायचं कसं? एकाने तर फोटोच पाठवला, तीन फुटी टाकीत मागच्या काचेला टेकून दगडांची भिंत, डावीकडून उजवीकडे एकाच उंचीची, आणि खाली लिहिलेलं "भरलेलं वाटतंय ना?" हो, भरलेलं वाटत होतं, आणि अडचण तीच आहे. माझा पहिला टँक अगदी असाच होता. त्या भिंतीमागे सहा महिन्यांत इतका गाळ साठला की नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारं द्रव्य) काही केल्या खाली येईना, शेवटी सगळे दगड बादल्यांमध्ये काढून परत पहिल्यापासून रचावं लागलं. म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

पुढे मी जे काही सांगणार आहे त्यात एकच गोष्ट फिरून फिरून येईल, की मोकळी जागा आधी ठरवायची आणि उरलेल्या जागेत दगड बसवायचे. मासे त्या मोकळ्या जागेत पोहतात, कोरल त्याच जागेत वाढतं, पाणी तिथूनच फिरतं. उदाहरणाला मी सगळीकडे तीन फूट बाय दीड बाय दीडची टाकी धरलीय, म्हणजे साधारण ९१ बाय ४६ बाय ४६ सेंमी, पाणी १९० लिटरच्या आसपास. तुमची लहान-मोठी असेल तर त्या हिशोबाने आकडे बदला.

दगड कुठला आणि किती

पहिली गोष्ट, मालवण-तारकर्लीला ट्रिपला गेलात आणि किनाऱ्यावर छान पांढरं कोरल पडलेलं दिसलं तरी उचलून आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी कोरल येतात, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि ते मेलेलं किंवा वाळलेलं असलं म्हणून सुटका नाही. कोणी "समुद्रातला ओरिजिनल लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरियासकट काढलेला दगड) आहे, गुपचूप देतो" असं म्हणाला तरी नको म्हणा. आपल्याला ड्राय रॉक घ्यायचाय, एकतर जमिनीतून खणून काढलेला जुन्या काळच्या रीफचा, नाहीतर कारखान्यात बनवलेला. करिबसी लाइफ रॉक, रिअल रीफ रॉक, मार्को रॉक्स ही नावं ऑनलाइन शोधताना दिसतील. लाइफ रॉक आणि रिअल रीफला आधीच जांभळट रंग असतो, मार्को पांढरट असतो आणि मला स्वतःला तोच आवडतो कारण तो फोडायला सोपा आणि वजनाला हलका.

मग लोक विचारतात, आपल्याकडे एवढा काळा दगड आहे, शहाबादी फरशीचे तुकडे तर फुकट मिळतात, ते का नाही चालत? काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, तो जड आणि घट्ट, आत छिद्रं जवळजवळ नाहीत, शिवाय त्यात लोहाचं प्रमाण बऱ्यापैकी असतं. शहाबादी हा चुनखडकच आहे हे खरं, पण तोही घट्ट, थरांचा, सपाट, त्याचा रीफ दिसत नाही आणि मुख्य काम पण होत नाही. मुख्य काम म्हणजे बॅक्टेरियाला घर. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया दगडाच्या पृष्ठभागावर राहतात आणि आतल्या बारीक पोकळीत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे नायट्रेट संपवणारे राहतात. घट्ट दगडात ही आतली खोली मिळतच नाही. दगड छिद्राळ आहे का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, वाळलेल्या दगडावर चमच्याने पाणी सोडा, थेंब लगेच आत शोषला गेला तर चांगला, वरून ओघळून गेला तर तो शोभेचा. हातात घेतल्यावर दिसतोय त्यापेक्षा हलका लागला पाहिजे.

किती घ्यायचा? जुन्या पुस्तकी हिशोबाने १९० लिटरला २३ किलोच्या पुढे दगड सांगितला जायचा (एका गॅलनला एक ते दीड पाउंड असा तो नियम). आता स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) चांगले आलेत, दगड हलके आलेत, त्यामुळे १२ ते १४ किलो टाकीत भरपूर होतात. पण विकत घेताना १७-१८ किलो घ्या, कारण मांडताना निवडायला तुकडे लागतात आणि उरलेला सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकता येतो, तिथेही तो काम करतोच. घेताना सगळे नारळाएवढे गोल गोटे नकोत. दोन-तीन मोठे, रुंद, खाली बसणारे, चार-पाच चपटे फळीसारखे, आणि बाकी मूठभर आकाराचे. चपटे तुकडे महाग पडले तरी घ्या, कारण कोरल ठेवायला आणि गुहेचं छत करायला तेच लागतात.

आधी जमिनीवर खडू

दगड अजून खोक्यातच राहू द्या. घरात शहाबादी फरशी असेल तर सोन्याहून पिवळं, खडूने टाकीच्या तळाचा ९१ बाय ४६ चा चौकोन आखा, आतल्या मापाने, काचेची जाडी सोडून. आता त्याच्या आत दुसरा चौकोन: पुढच्या काचेपासून १२ सेंमी, दोन्ही बाजूंना ८ ते १०, मागून ६-७ सेंमी. दगड फक्त या आतल्या चौकोनात. पुढचे १२ सेंमी बघायला आणि वाळू दिसायला, बाजूचे मॅग्नेट क्लीनर फिरायला, मागचे पाणी खेळायला. हात घालून मधे काच पुसता आली पाहिजे, नाहीतर दर आठवड्याला तुमचं मनगट दगडाला घासतं आणि एक दिवस दगड पडतो.

उंचीला पण रेघ हवी. एक लाकडी पट्टी घ्या, ३० सेंमीवर मार्करने खूण करा. ४६ च्या टाकीत कुठलंच टोक त्याच्या वर नको. सुरुवातीला वाटतं वरची एवढी जागा वाया चाललीय, पण त्या दगडावर जे कोरल बसणार ते वरच वाढणार, दोन वर्षांत पाण्याला टेकेल. आणि टाकीच्या वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या असतील तर त्यांच्या मधलं तोंड किती रुंद आहे ते आत्ताच मोजून ठेवा. बाहेर चिकटवून सुंदर कमान केली आणि ती आतच गेली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अजून एक, हे खूप जणांना माहीत नसतं. पाणी भरलं की समोरून बघताना टाकीची खोली पाऊणच दिसते, ४६ सेंमी खोल टाकी डोळ्याला ३४-३५ सेंमीची वाटते. प्रकाश पाण्यातून काचेबाहेर येताना वळतो म्हणून. त्यामुळे जमिनीवर मांडताना पुढे-मागे केलेला फरक पाण्यात कमी दिसणार आहे, तो जरा जास्तच ठेवा. एक दगड दुसऱ्यापेक्षा चार सेंमी पुढे ठेवून भागत नाही, दहा ठेवा.

धुणं आणि मुरवणं

खोदून काढलेल्या दगडात माती आणि जुनी घाण असते, आणि त्यातून फॉस्फेट सुटत राहतं. फॉस्फेट जास्त म्हणजे पुढे हिरवं केसाळ शेवाळ ठरलेलं. म्हणून आधी गच्चीवर पाइपने जोरात धुवा, ताठ ब्रशने घासा, ब्रश नवा हवा, भांड्याच्या साबणाचा किंवा फिनाइलचा हात लागलेला नको. मग एका स्वच्छ ड्रममध्ये आरओ-डीआयचं (फिल्टरने सगळे क्षार काढलेलं) पाणी, त्यात समुद्री मीठ घालून घनता १.०२५ च्या आसपास, एक छोटा पंप फिरवत, झाकण लावून तीन-चार आठवडे अंधारात. दर आठवड्याला पाणी बदला आणि फॉस्फेट टेस्ट करा. ०.१ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.१ भाग) खाली स्थिर राहिलं की झालं. कारखान्यातल्या दगडाला इतकं लागत नाही, धुऊन दोन-तीन दिवस बुडवून ठेवला की बहुतेक वेळा पुरतं, फक्त सिमेंटचा असेल तर पीएच बघा, ८.५ च्या वर जात असेल तर पाणी बदलत राहा.

नळाचं पाणी यासाठी वापरू नका. उजनीचं पाणी आपल्याकडे सोलापुरात काही दिवसांच्या गॅपने येतं, त्यात क्लोरीन असतं, आणि कडकपणा तर आपल्या गीझरच्या कॉइलवर दिसतोच. टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं पाणीच हवं. पाणी यायच्या दिवशी आरओ लावून ड्रम भरून ठेवायचे असं वेळापत्रक करा, आणि आरओमधून जे पाणी बाहेर जातं ते बादलीत धरून फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा, ते काही थोडंथोडकं नसतं.

आणि हे मनापासून सांगतोय, कोणाकडून जुना वापरलेला दगड आणला तर तो उकळू नका. गॅसवर पातेलं ठेवून दगड निर्जंतुक करायची कल्पना साधी वाटते, पण त्यावर झोआंथिडसारखे जीव असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, ते वाफेबरोबर घरभर पसरतं, आणि परदेशात असं करून अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेलीत. गरम पाणी नाही, सुकलेला दगड घरात घासणं नाही. हातमोजे, डोळ्याला चष्मा, काम उघड्यावर.

चादरीवर मांडून बघा, आणि घाई नको

आता मजेचा भाग. आखलेल्या चौकोनावर जुनी सोलापुरी चादर घाला, चौकोनाची घडी करून, म्हणजे दगड घसरत नाही, फरशीला ओरखडा येत नाही आणि पडलेला चुरा झटकता येतो. चादरीच्या पुढे जमिनीवर मांडी घालून बसा. तुमचे डोळे आता टाकीच्या मध्यावर आलेत असं समजा, आणि मांडणी त्याच उंचीवरून बघायची. उभं राहून वरून बघून रचली तर ती वरूनच चांगली दिसते.

सुरुवात सगळ्यात मोठ्या दगडापासून. तो मधोमध ठेवू नका, ९१ सेंमीत त्याचं शिखर एका बाजूपासून ३० ते ३५ सेंमीवर येऊ द्या. दुसरा गट लहान, दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मधे हातभर नाही तरी दीड वीत मोकळी खिंड. ही खिंड सरळ मागे न जाता जरा तिरकी गेली तर नजर आत ओढली जाते, मागे काहीतरी आहे असं वाटतं. मी अंदमानला स्नॉर्केलिंग केलं तेव्हा हेच डोक्यात बसलं, तिथे रीफ म्हणजे सलग भिंत नव्हती, पांढऱ्या वाळूत इथे एक ढीग, तिथे एक ढीग, आणि मासे सगळे त्या ढिगांच्या मधल्या गल्ल्यांतून ये-जा करत होते. दोन बेटं ठेवायचा अजून एक फायदा, भांडखोर मासे एकमेकांच्या नजरेआड होतात, क्लाउनफिशच्या जोडीला एक बेट मिळालं की दुसऱ्या बेटावरचे सुखाने राहतात.

दगड दगडावर ठेवताना चूल आठवा. तीन दगडांची चूल डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. वरचा प्रत्येक दगड खालच्यावर तीन ठिकाणी टेकला पाहिजे. ठेवायचा, जरासा फिरवायचा, परत फिरवायचा, आणि एका क्षणी तो आपोआप "बसतो", हाताला कळतं, बारीक कट्ट असा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत फिरवत राहा. माझ्या एका टँकमध्ये मी वरचा दगड नुसता तोलून ठेवला होता, पिवळ्या वॉचमन गोबी माशाने खालून वाळू उपसली आणि रात्री अडीचला धप्प आवाज आला. काच फुटली नाही, पण आत जो लांब ओरखडा पडला तो अजून रोज दिसतो.

बेटाला वर निमुळतं करत पिरॅमिड करायचा मोह होतो, तो टाळा. चपटा तुकडा एका बाजूने बाहेर काढा, जसं घराला छज्जा असतो. छज्ज्याखाली सावली पडते आणि त्या सावलीमुळेच दगडाला खोली येते, एकसारखा उजेड पडलेला दगड फोटोतल्यासारखा सपाट दिसतो. रॉयल ग्रामा सारखा मासा तर त्या छताखाली उलटा पोहतो, पोट छताकडे करून, कारण त्याला छत हीच जमीन वाटते. एक कमान, एक-दोन छज्जे, बोट जाईल अशी एक-दोन बिळं (फायरफिश घाबरला की सरळ बिळात शिरतो, बीळ नसलं तर टाकीबाहेर उडी मारतो), बास. प्रत्येक दगडाला भोक आणि प्रत्येक कोपऱ्यात गुहा केली की जत्रेतल्या देखाव्यासारखं दिसायला लागतं.

मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग गेला की फक्त आकार आणि सावली उरते, कुठे गठ्ठा झालाय ते लगेच कळतं. डोळे बारीक करून बघणं हा त्याचाच जुना प्रकार. मग ती मांडणी तशीच ठेवून रात्री झोपा. सकाळी चहा घेताना परत बघा. मी दुसऱ्या टँकला सहा दिवस लावले, घरच्यांना त्या खोलीत वळसा घालून जावं लागायचं, पण चौथ्या दिवशी मी दोन दगड नुसते काढून टाकले, जागी काहीच ठेवलं नाही, आणि मांडणी तिथेच सुधारली. अडलात तर नवीन दगड लावायच्या आधी एक काढून बघा, दहापैकी आठ वेळा तेच औषध असतं.

पक्कं झालं की समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो, आणि दगडांवर पेन्सिलने नंबर. मार्कर नको.

छिन्नी

पाहिजे तसा चपटा तुकडा मिळाला नाही तर फोडून करायचा. मला हे आमच्या गल्लीत पाट्या-वरवंट्याला छिन्नीने टाकी लावायला येणाऱ्या काकांनी शिकवलं. मी हातोडी उगारून एक दणका घालणार होतो, ते म्हणाले, "आरं, त्याला ईचार तरी कुठनं फुटायचंय ते." त्यांनी दगड हातात घेऊन फिरवला, छिन्नीची धार ठेवली, हलकेच टक्, थोडा फिरवला, परत टक्, असं सगळीकडून गोल एक बारीक रेघ पाडत आणली. तीन फेऱ्यांनंतर आवाज बदलला, खणखणीत होता तो भद्द यायला लागला. "आता बग," म्हणाले, आणि पुढच्या टकेला दगड त्या रेघेवर दोन फाकी झाला, फुटलेली बाजू ओबडधोबड, अगदी नैसर्गिक. एका दणक्यात फोडला असता तर चुरा झाला असता. दगड ओल्या गोणपाटावर ठेवून फोडा, डोळ्याला चष्मा लावाच.

तळाचे दगड खालून सपाट करायचे असतील तर गच्चीच्या खरबरीत कोब्यावर पाणी टाकून घासा, हा दगड मऊ असतो, दहा मिनिटांत बूड तयार होतं. फुटलेली ताजी बाजू शक्यतो मागे किंवा खाली करा, तसं तीन-चार महिन्यांत तिच्यावरही रंग चढतोच.

चिकटवणं, आणि इथे चादर उचलून ठेवा

हे नीट वाचा. दगड चिकटवायला सायनोअॅक्रिलेट वापरतात, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचं, फक्त जेल प्रकारचं घट्ट. हे द्रव्य सुती कापडावर सांडलं तर जोरात तापतं, धूर येतो आणि त्वचा भाजू शकते. आपल्या घरात चादर सुती, टॉवेल सुती, पुसायचं फडकं सुती. म्हणून चिकटवताना चादर बाजूला काढा, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, सुती हातमोजे घालू नका, नायट्राइलचे घाला, आणि मांडीवर दगड घेऊन काम करू नका.

पद्धत अशी. दोन दगड कुठे टेकतात ते बघून तिथे जेलचे दोन-तीन मोठे थेंब, दगड दाबून धरा, सांध्याच्या भोवती बारीक कोरडी अॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू भुरभुरवा आणि त्या वाळूवर पातळ ग्लू सोडा. काही सेकंदात दगडासारखं घट्ट होतं, गरम होतं आणि वास डोळ्याला झोंबतो, म्हणून गच्चीत किंवा दारात बसून करा. हा झाला तात्पुरता टाका. खरी ताकद दोन गोष्टींनी येते, आतून रॉड आणि बाहेरून मॉर्टर (सिमेंटसारखा लगदा).

कमान किंवा लांब छज्जा असेल तर रॉड घालाच. ६ मिमीचा अॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा रॉड, ८ मिमीचं मेसनरी बिट, ड्रिलचा हॅमर मोड बंद, दगड थोडा ओला, आणि हळूहळू. वरच्या-खालच्या दोन्ही दगडात चार-पाच सेंमी आत रॉड गेला की तो दगड कुठे जात नाही. लोखंड नको, स्टीलचा स्क्रू पण नको, खाऱ्या पाण्यात स्टेनलेस सुद्धा गंजतं.

मॉर्टर रीफसाठी मिळतं ते घ्या (इ-मार्को-४०० किंवा तत्सम), थालीपिठाच्या पिठासारखं भिजवा, सांध्यात बोटाने दाबा आणि वरून दगडाचाच चुरा लावा म्हणजे सांधा दिसत नाही. आपल्या उन्हात याची एक गंमत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की मॉर्टर आत पक्कं व्हायच्या आधी वरून वाळतं आणि तडकतं. गवंडी स्लॅबवर पाणी मारतात तसं करा, काम सकाळी सातच्या आत उरका, आणि दोन दिवस ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा. नंतर साध्या आरओ पाण्यात बुडवून, पीएच खाली येईपर्यंत पाणी बदलत राहा.

सगळं एकसंध चिकटवू नका. एक बेट जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा एका माणसाला दोन हातांनी उचलता आला पाहिजे. कधीतरी लपलेला आजारी मासा पकडायला तो तुकडा बाहेर काढावा लागतो, आणि तेव्हा दहा किलोचा एकच डोंगर असेल तर काहीच करता येत नाही.

टाकीत उतरवणं

टाकी लेव्हलमध्ये आहे का बघा, स्टँडखालची फरशी पोकळ वाजत नाही ना ते बघा. पाणी, दगड, वाळू, काच मिळून अडीचशे किलोच्या घरात वजन जातं.

दगड आधी, वाळू नंतर. तळाचे दगड थेट तळाच्या काचेवर (टोक टोचत असेल तर तिथे अॅक्वेरियमच्या इपॉक्सी पुट्टीचा चपटा गोळा लावा), मग भोवतीने वाळू. वाळूवर दगड ठेवला की गोबी, पिस्तूल श्रिंप यांनी पाया उकरलाच म्हणून समजा. दोन माणसं लागतात, एक उतरवायला, एक समोर बसून "अजून डावीकडे" म्हणायला. ठेवून झालं की हलवून बघा, नुसतं बोट लावून नाही, तळहाताने चारही बाजूंनी ढकला, जरा जोरात. हललं तर आत्ताच काढा, पाणी भरल्यावर काढायला दहापट त्रास.

अॅरागोनाइट वाळू तीन सेंमी पुरे. धुऊन घ्या, पाणी भरताना ताटलीवर धार सोडा म्हणजे खड्डा पडत नाही. पहिले दोन दिवस सगळं दुधाळ दिसेल, घाबरू नका.

पाणी फिरतंय का

वेव्हमेकर (टाकीत पाणी ढकलणारे पंप) दोन लावा, दोन टोकांना, एक जरा वर, एक जरा खाली, आणि एकाची धार मागच्या काचेला समांतर जाऊ द्या म्हणजे दगडांच्या पाठीमागची जागा धुतली जाते. मग माशांच्या खाण्याची चिमूटभर पूड पाण्यात सोडून टॉर्च मारून बघा, कण कुठे घुटमळतात, कुठे खाली बसतात. जिथे बसले तिथे सहा महिन्यांनी गाळ असणार. पंपाची दिशा बदला, नाही जमलं तर दगड दोन बोटं सरकवा. हे आत्ता करायचं काम आहे, टाकीत अजून कोणी राहायला आलेलं नाही.

कोरलच्या जागा पण मनात आत्ताच वाटून घ्या. अॅक्रोपोरासारखी काड्याकाड्यांची एसपीएस (बारीक तोंडांची दगडी कोरल) वर, जिथे उजेड आणि प्रवाह जास्त. टॉर्च, हॅमर या कोरलना मधल्या-खालच्या छज्ज्यावर, पण भोवती वीतभर जागा मोकळी, कारण त्यांचे लांब धागे रात्री बाहेर पडून शेजाऱ्याला जाळतात. ग्रीन स्टार पॉलिप्स आणि झेनिया ही भराभर पसरणारी कोरल मुख्य बेटावर अजिबात लावू नका, वाळूत एकटा वेगळा दगड ठेवा आणि तिथेच त्यांना राहू द्या, नाहीतर वर्षाभरात सगळा डोंगर त्यांचाच.

मग थांबायचं

घनता १.०२५, तापमान २५-२६ अंश (उन्हाळ्यात चिलर नसेल तर आपल्याकडे टँक सुरूच करू नका, हे प्रेमाने सांगतोय), बाटलीतले बॅक्टेरिया घाला आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत आणून सायकल (बॅक्टेरिया वाढून अमोनिया संपवायला लागण्याची प्रक्रिया) सुरू करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, ड्राय रॉकला कधी त्याहून जास्त. या दिवसात लाईट कमी वेळ ठेवा. वीज गेली तर बॅक्टेरियालाही ऑक्सिजन लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

पांढऱ्या दगडावर आधी तपकिरी साय धरेल, तो डायटम (सूक्ष्म शेवाळ). मग हिरवं येईल. खूप जण इथे घाबरून दगड बाहेर काढून ब्रशने घासतात आणि मांडणी मोडतात. दगड जागच्या जागी राहू द्या, गोगलगायी सोडा, पाणी बदला, फॉस्फेट-नायट्रेट बघत राहा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात छज्ज्याच्या खालच्या बाजूला, सावलीत, टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके दिसायला लागतील. ते कोरलाइन (दगडावर चढणारं जांभळं, कडक शेवाळ). पहिल्यांदा ते बघायला मी फरशीवर आडवा झालो होतो, टॉर्च घेऊन. कुठल्यातरी कोरलच्या प्लगवरून (बुडाच्या चकतीवरून) किंवा गोगलगायीच्या शंखावरून ते टाकीत येतं, आणि कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद) ८ ते ९ डीकेएच (तिचं माप) स्थिर राहिली तर वर्षभरात सगळ्या सांध्यांवर, मॉर्टरवर, फुटलेल्या कडांवर चढतं. तोपर्यंत पेन्सिलचे नंबर अधूनमधून दिसत राहतात, ते पुसायची गरज नाही.